गेलेला ड्रमवादक आणि मागे राहिलेले श्रोते

संगीतसमूहाचा संस्थापकच निघून गेला, तर चाहते नेमका कशाचा शोक करतात? सुरांचा की माणसाचा? ८ सप्टेंबर २०१० रोजी ड्रमवादक माईक पोर्टनॉय यांनी ‘ड्रीम थिएटर’ सोडल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या श्रोत्यांपुढे हा प्रश्न उभा राहिला. जॉन पेट्रुची व जॉन म्युंग या सहाध्यायांसह त्यांनी १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात हा समूह उभारला होता.

प्रोग्रेसिव्ह रॉक या प्रकारात वीस-वीस मिनिटांच्या रचना असतात आणि पाच, सात, नऊ मात्रांची आवर्तने भराभर बदलत जातात. तेथे ताल नुसता साथीला नसतो. शिवाय पोर्टनॉय केवळ ताल धरीत नव्हते. रोजच्या मैफलीतील गीतांचा क्रम तेच ठरवीत. १९९९ पासून पेट्रुचींसह निर्मितीची धुराही त्यांच्याकडे होती. मद्याच्या व्यसनातून सुटण्याच्या बारा पायऱ्यांवर त्यांनी २००२ ते २००९ या काळात, सलग पाच अल्बमांतून, पाच गीतांची मालिका रचली. स्वतःच्या दुबळेपणाची इतकी उघड कबुली या झगमगाटी क्षेत्रात विरळाच. ती ऐकून धीर आलेल्या श्रोत्याला पोर्टनॉय परके कसे वाटावेत?

म्हणूनच चाहत्यांची हळहळ आम्हांस खोटी वाटत नाही. पोर्टनॉय यांना काही काळ विश्रांती हवी होती, सहकाऱ्यांना ती मान्य नव्हती. एवढ्यावरून कोणी त्यांना अहंकारी ठरविले, कोणी उरलेल्यांना कृतघ्न म्हटले. तेही एक वेळ समजू शकते.

आमचा आक्षेप पुढच्या वागण्याला आहे. सात वादकांच्या चाचणीतून माईक मँगिनी निवडले गेले. त्यासाठी त्यांनी बर्कलीतील अध्यापनाची नोकरी सोडली. २०११ चा पहिला अल्बम येताच ‘अचूक, पण यांत्रिक’ असा शिक्का त्यांच्यावर बसला. वस्तुतः त्या अल्बममधील तालाचे आराखडे पेट्रुचींनी यंत्रावर आधीच बांधून ठेवले होते! मँगिनींचे स्वतःचे मन २०१३ च्या अल्बमपासून ऐकू येते. २०१६ चा ‘द अ‍ॅस्टॉनिशिंग’ हा दोन तासांहून लांब कथाप्रबंध आम्हांसही पसरट वाटला. पण ती कथा पेट्रुचींची होती, तिचे ओझे ड्रमवादकाच्या माथी का?

मँगिनींनी पाच अल्बम वाजविले. समूहाला पहिले ग्रॅमी २०२२ मध्ये मिळाले, ते त्यांच्याच काळातील ‘द एलियन’साठी. तरीही बारा वर्षे अनेकांच्या लेखी ते ‘नवेच’ राहिले. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी पोर्टनॉय परतल्याची वार्ता आली आणि चाहत्यांत उत्सव झाला. मँगिनींनी निरोप घेताना एवढेच सांगितले, की पूर्वीच्या माणसाच्या साऱ्या भूमिका आपण भरून काढाव्यात अशी अपेक्षा पहिल्या दिवसापासूनच नव्हती. समूह चालू राहावा म्हणून ड्रम वाजवायचे, एवढेच आपले काम होते. चाहत्यांनी मात्र त्यांना नेमके त्या भूमिकांच्याच मापाने मोजले.

२०२५ चा ‘पॅरासोम्निया’ आम्ही आवडीने ऐकला. जुन्या मित्रांची एकमेकांना कळणारी खूण त्यात आहे. पण २०१३ च्या अल्बमचा शेवट करणारी बावीस मिनिटांची रचनाही काढून ऐकावी. मध्यंतरी तंतुवाद्ये एकटी उरतात, ड्रम पूर्ण थांबतात आणि मग मँगिनी परततात.