गळ, वलगण आणि एक जुने पुस्तक

हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ साली आले. पिसे-धाग्याची खोटी माशी हिंदुस्थानी नद्यांत कशी टाकावी, हे मद्रास इलाख्यातल्या या सनदी अधिकाऱ्याने बारकाईने सांगितले आहे. ट्राउट काश्मीरच्या थंड पाण्यात रुजला तो १९०० नंतर. त्यामुळे थॉमस महसीरच्या, म्हणजे आपल्या खडशीच्या मागे लागतात.

या हुनराचे मूळ साधे आहे. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. मागून जा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. सिद्धगडाच्या पायथ्याला हे कोणी किताबातून शिकलेले नाही. पहिल्या पावसात वलगण चढते, अंडी घेऊन मासे ओढ्यातून भातखाचरांकडे निघतात. बांबूच्या सापळ्याचे तोंड तेव्हा खालच्या अंगाला असते. मासे उतरू लागले की तेच तोंड फिरते. मराठी साहित्यात मासा ताटात भेटतो, असा ओढ्यात क्वचितच.

थॉमसशी आमचे भांडण पुढे आहे. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले संपतात, ही त्यांची तक्रार खरी. गाभोळीचा मासा ओरपला तर ओढा रिकामा होतो, हे आम्हीही मानतो. पण शौकाचा गळ आणि चुलीसाठीचा सापळा एका तराजूत कसे तोलावेत? १८९७ च्या मत्स्य कायद्याने निदान सुरुंग आणि विष वेगळे काढले.

धरलेला मासा परत सोडण्याचा हल्लीचा रिवाज आम्ही घरी सांगितला, तेव्हा दादी म्हणाली, "मग टोचलंच कशाला?"