झलक आणि चित्रपट

झलक हा चित्रपटाचा सारांश नव्हे. ती त्याची जाहिरात होय. हे ठाऊक असूनही आपण झलकेवर विसंबून तिकिटे काढतो. २०१६ साली ‘फॅन’ चित्रपटाच्या जाहिरातीत ‘जबरा फॅन’ हे गाणे गाजत होते. चित्रपटात मात्र ते नव्हते. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. राज्य आयोगाने तिला १०,००० रुपये भरपाई मंजूर केली. परंतु २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. झलक म्हणजे वचन नव्हे, तिच्यामुळे करार निर्माण होत नाही, असा निकालाचा आशय आहे. तेव्हा सावध राहण्याचा भार अखेर प्रेक्षकावरच येतो.

झलक नेहमी सुमार चित्रपटालाच सजवते असे नाही. कधी ती चांगल्या चित्रपटाचे मर्मही झाकते. ‘ब्रिज टू टेराबिथिया’ (२००७) या चित्रपटाची झलक पाहून वाटते, ही अद्भुत प्राण्यांची साहसकथा असावी. प्रत्यक्षात ती दोन एकाकी मुलांच्या मैत्रीची आणि त्यांतील मुलीच्या अकाली मृत्यूची कथा आहे. लेखिका कॅथरिन पॅटरसन यांच्या मुलाची मैत्रीण वीज पडून दगावली; त्या दुःखातून १९७७ सालची मूळ कादंबरी जन्मली.

चित्रपटातील अद्भुत प्राणी लवकरच विस्मरणात जातात. मनात घर करतो तो जेसचा अपराधभाव. त्या दिवशी मैत्रिणीला सोबत नेले असते तर ती वाचली असती, हा सल त्याला पोखरतो. एरवी कठोर भासणारा बाप त्याला कवटाळतो, हे दृश्य विलक्षण संयमाने चित्रित झाले आहे. अंत्यविधीच्या वेळी कोपऱ्यात उभी असलेली अशी मूक मुले मी अनेकदा पाहिली आहेत. त्यांच्या मनात काय चालले आहे, हे या चित्रपटाने मला अधिक उमगले.

म्हणूनच प्रश्न उरतो: ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, तेथील बालकाला हा चित्रपट दाखवावा का? याचे उत्तर झलक देणार नाही, आणि वयोगटाचे प्रमाणपत्रही पुरेसे ठरणार नाही. मूळ कथा कोणती, दिग्दर्शकाचे पूर्वीचे काम कसे, विश्वासू परीक्षक काय म्हणतो, हे पालकांनी पाहावे. शंका असल्यास चित्रपट आधी स्वतः पाहावा, मग मुलांसोबत बसून पाहावा आणि नंतर त्यावर बोलावे. निवड तिकीट काढताना सुरू होते खरी. ती पूर्ण होते या बोलण्यात.