वस्तूवरील अक्षर : भेटवस्तूंचा नवा बाजार आणि झाडीबोली

वस्तूवर अक्षर उमटवून ती भेट देण्याची प्रथा महाराष्ट्रात नवी नाही. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यासारख्या गावात तर ती घराघरांतून पाहावयास मिळते. लग्नात दिलेल्या गुंडीवर, ताटावर अथवा डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे असत. देणाऱ्याचे नाव, गावाचे नाव, क्वचित तिथी किंवा सन, आणि शेवटी ‘यांजकडून सप्रेम भेट’ हा ठरीव शब्दसमूह. या मजकुरास वाङ्मयीन मूल्य आहे, असे कोणी म्हणणार नाही. तथापि भाषाव्यवहार या दृष्टीने तो पूर्ण आहे. त्यात देणारा आहे, घेणारा अध्याहृत आहे, निमित्त आहे आणि स्थळही आहे. भांडे मोडीत निघेपर्यंत तो मजकूर एका संबंधाची साक्ष देत राहतो.

गेल्या दीड दशकात या प्रथेशेजारी दुसरी एक प्रथा येऊन उभी राहिली आहे. मुंबईत २०१२ साली ‘बेवकूफ’ आणि २०१३ साली ‘द सोल्ड स्टोअर’ ही आंतरजालावरील दुकाने निघाली. त्यांच्या मागोमाग लहानमोठी अनेक दुकाने आली. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रकथा यांतील पात्रे व वाक्ये छापलेले टी-शर्ट, कप, चावीच्या साखळ्या, भ्रमणध्वनीची आवरणे आणि भित्तिपत्रे हा त्यांचा माल. ‘मार्व्हल’चे महावीर, हॅरी पॉटर, १९९४ ते २००४ या काळात चाललेली ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकी मालिका अशी त्यांची नावनिशी असते. तुमसर, पवनी, साकोली किंवा लाखांदूर येथील महाविद्यालयीन तरुणास आता मित्राच्या वाढदिवसासाठी असा कप मागविण्याकरिता नागपूर गाठावे लागत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली व संस्कृतज्ञ श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सिद्ध केलेली सहा अंकी पिनकोडची योजना त्या कपास भंडाऱ्याची वाट अचूक दाखविते. भंडारा हे स्थान पुडक्याच्या वेष्टनावर असते. आतील वस्तूवर मात्र ते कोठेच नसते.

या वस्तूंचा विचार बहुधा वाणिज्याच्या किंवा फार तर समाजशास्त्राच्या अंगाने केला जातो. परंतु त्यांवर मजकूर असतो, आणि जेथे मजकूर आहे तेथे समीक्षेस वाव आहे. पहिला प्रश्न असा की, हा मजकूर बोलतो कोण? अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ साली वक्त्याच्या कल्पनेचे तीन घटक वेगळे केले : शब्द उच्चारणारा, शब्द रचणारा, आणि त्या शब्दांची जबाबदारी ज्याच्यावर येते तो. पितळी ताटावरील मजकुराचे शब्द रूढीने रचलेले असतात आणि ते कासार कोरतो. पण त्यामागील भावनेचा धनी देणारा असतो. कपावरील संवादाचे शब्द पटकथाकाराचे, त्यांवरील हक्क निर्मिती-संस्थेचा, छपाई कारखान्याची. देणाऱ्याकडे उरते ती केवळ निवड, आणि घेणारा ते शब्द आपलेच असल्याप्रमाणे मिरवितो. ही निवड क्षुद्र आहे असे समजण्याचे कारण नाही. ‘तुला काय आवडते हे मला ठाऊक आहे’ एवढे ती निश्चितपणे सांगते, आणि मैत्रीत हे सांगणे थोडे नव्हे. तरीही या मजकुरातून नाव, गाव आणि निमित्त ही तिन्ही अंगे गळून पडली आहेत, हे नोंदविणे आवश्यक आहे.

येथेच या बाजाराच्या एका आवडत्या विशेषणाची तपासणी करावयास हवी. ते विशेषण ‘अनोखे’ हे होय. विक्रेता वस्तूला अनोखी म्हणतो. परंतु ज्या वस्तूवरील पात्र असंख्य लोकांस एका दृष्टिक्षेपात ओळखता येत नाही, ती वस्तू या बाजारात उभीच राहू शकत नाही. अर्थात येथे ‘अनोखे’ या शब्दाचा अर्थ ‘इतर कोणापाशी नाही असे’ असा नसून ‘जाणकारांच्या एका मोठ्या मंडळात ओळखले जाईल असे’ असा आहे. या दुकानांची मुख्य मांडणीही चित्रपट, मालिका व पात्रे यांच्या नावांनी केलेली असते, प्रदेशांच्या किंवा बोलींच्या नावांनी नव्हे. ज्याला ओळखीचे नाव नाही, त्याला फळीही नाही.

भंडारा जिल्ह्यापुरता विचार केल्यास ही गोष्ट विशेष जाणवते. कारण या प्रदेशाला स्वतःची लोकप्रिय संस्कृती नाही, असे मुळीच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने जागी होते आणि होळीपर्यंत गावोगाव रात्र रात्र नाटके रंगतात. देसाईगंज-वडसा हे नाटकमंडळ्यांचे प्रमुख केंद्र. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपले नट, आपले विनोद, आपली गाणी आणि तिकीट काढून येणारा आपला प्रेक्षक ही लोकप्रिय संस्कृतीची सर्व लक्षणे येथे आहेत. ही रंगभूमी ज्या समाजाची, त्याची झाडीबोलीही अभ्यासकांस अपरिचित राहिलेली नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचे व येथील लोकरंगभूमीचे संशोधन केले, आणि झाडीबोलीची साहित्यसंमेलनेही भरत आली आहेत. असे असूनही कप आणि टी-शर्ट यांच्या जगात झाडीपट्टीची चाहूल लागत नाही. शेजारच्या नागपुरी बोलीतील ‘काऊन’ आणि ‘बे’ यांना तेथे थोडाफार प्रवेश मिळाला. झाडीबोलीस तेवढाही नाही.

याचे कारण खर्च हे नव्हे. पूर्वी छपाईचा साचा करावा लागे आणि शेकडो नग खपले तरच तो परवडे. आता कापडावर सरळ यंत्राने छपाई होते आणि लेप दिलेल्या कपावर उष्णतेने रंग चढविला जातो, त्यामुळे एकच नग काढणेही शक्य आहे. नाटकातील पात्रे व संवाद यांवर कोणाचा तरी हक्क असतो. परंतु बोलीतील एखादा सुटा शब्द १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणाच्या मालकीचा होत नाही. मग अडचण कोठे आहे?

अडचण भाषिक आहे. आंतरजालावरील दुकानात गिऱ्हाईक वस्तू हाताळून पाहत नाही, तो शब्द लिहून शोधतो. म्हणून तेथे शब्दाला ठरलेले लेखन असावे लागते. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’ होतो : पाणी ते ‘पानी’, डोळा तो ‘डोरा’. (वऱ्हाडीत हाच ‘डोया’ होतो.) ‘पानी’ असे लिहिले की यंत्र ते अशुद्ध समजून ‘पाणी’ करू पाहते, किंवा वाचणारा त्याला हिंदी समजतो. ‘डोरा’चे तर विचारूच नये. हिंदी वाचकाला त्यात दोरा दिसेल. आणि शोधपेटीत हा शब्द रोमन लिपीतून घातला, तर नेत्राऐवजी २००० साली सुरू झालेल्या अमेरिकी बालमालिकेतील डोरा नावाची मुलगी पुढे येण्याचाच संभव अधिक. एका प्रदेशातील डोळ्याचे नाव दुसऱ्या खंडातील पात्राच्या नावाखाली झाकले जावे, याहून या बाजाराचा नियम अधिक स्पष्टपणे सांगता येणार नाही.

तर मग झाडीबोलीतील शब्द कपांवर छापून घ्यावेत, एवढ्याने हा प्रश्न मिटेल काय? या ठिकाणी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील ‘यिंझ’ (तुम्ही) यांसारखे बोलीशब्द टी-शर्टांवर छापून विकले जातात. बार्बरा जॉनस्टोन यांनी २००९ साली या टी-शर्टांचा भाषाशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, अशा वस्तू बोलीचे केवळ चित्र काढीत नाहीत, तर ती घडवितात : विखुरलेल्या उच्चारांना एका शहराची बोली म्हणून एकत्र आणतात, त्यांना किंमत देतात आणि त्यांचे लेखन ठरवितात. आसिफ आगा यांनी २००३ साली मांडलेली, भाषारूपांना समाजात ओळख प्राप्त होण्याच्या प्रक्रियेची कल्पना या विवेचनाच्या मुळाशी आहे.

म्हणजे छापील वस्तूपासून बोलीला लाभ होऊ शकतो, ही गोष्ट खरी. परंतु या लाभाबरोबर एक हानीही येते. वस्तूवर जागा थोडी, म्हणून तेथे एखाददुसरा शब्द मावतो. आणि तो शब्द हसविणारा असला तर अधिक खपतो. परिणामी जिच्यात शेतीचा, नात्यांचा आणि दुःखाचा सारा व्यवहार चालतो, ती बोली चारदोन गमतीच्या उद्गारांपुरती उरते. हा दोष केवळ बाजाराच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. झाडीपट्टीच्या नाटकांतही गंभीर पात्रे पुष्कळदा प्रमाण मराठी बोलतात आणि बोली विनोदी पात्राच्या वाट्यास येते. फरक इतकाच की, नाटकात ते पात्र प्रेक्षकांपैकीच एक असते आणि हसणारा त्याच्या शब्दातील माया ओळखतो. तोच शब्द कपावर बसून पुण्या-मुंबईस गेला म्हणजे माया मागे राहते आणि हसू तेवढे पुढे जाते.

ज्या विद्यार्थ्याचा ‘पानी’ शाळेत अशुद्ध म्हणून खोडला गेला, त्याला तोच शब्द पुढे केवळ विनोद म्हणून छापलेला दिसावा, ही त्याच्या बोलीची दुसऱ्यांदा झालेली अवहेलना होय. म्हणून अशा वस्तूंचे मूल्यमापन करताना ‘बोली दिसली की नाही’ हा निकष पुरेसा नाही. ती कोणाच्या तोंडी दिसली, कोणास उद्देशून दिसली, आणि तिच्यात हसण्याखेरीज दुसरे काही सांगितले गेले काय, हे निकष लावावयास हवेत. या निकषांवर जुन्या पितळी ताटावरील तो ठरीव मजकूर आजच्या बहुसंख्य कपांवरील चमकदार वाक्यांपेक्षा सरस ठरतो. त्याची भाषा प्रमाण होती हे खरे. पण तो कोणीतरी, कोणालातरी, एका ठिकाणाहून सांगितलेला होता.

एक नग छापण्याची सोय उपलब्ध झाल्यामुळे ही तिन्ही अंगे झाडीबोलीतही परत आणता येण्याजोगी आहेत. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला तिच्या बोलीत लिहिलेले एक सबंध वाक्य, खाली गावाचे नाव आणि सन, असा कप कोणत्याही दुकानाच्या यादीत असणार नाही व शोधूनही सापडणार नाही. ‘अनोखे’ हे विशेषण त्याला मात्र यथार्थतेने लावता येईल. अशा लेखनासाठी बोलीतील वाक्यांचा आणि त्यांच्या लेखनपद्धतीचा विश्वासार्ह संग्रह हवा. तो सिद्ध करण्याचे काम बाजाराचे नव्हे, विद्यापीठांतील भाषाविभागांचे आहे.