भूपट्टांचे वय आणि महाभूकंप : एका प्रतिमानाची चिकित्सा

एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकत जातो, त्या प्रक्रियेस अधोगमन म्हणतात. जगातील सर्वांत मोठे भूकंप अशाच सीमांवर झाले आहेत. परंतु प्रत्येक अधोगमन सीमेवर महाभूकंप संभवतो काय? लॅरी रफ व हिरू कानामोरी यांनी 1980 मध्ये या प्रश्नाचे सुबक उत्तर दिले. खाली जाणारा पट्ट जितका तरुण आणि अभिसरणाचा वेग जितका अधिक, तितकी भूकंपाची संभाव्य महत्ता मोठी, असे त्यांचे प्रतिमान सांगते. तरुण पट्ट उष्ण व हलका असल्याने सहजासहजी बुडत नाही, वरच्या पट्टाशी घट्ट जखडला जातो. जुना पट्ट मात्र थंड व जड असल्याने स्वतःच्या भारानेच खचतो, ही त्यामागील भूमिका. चिलीचा 1960 मधील 9.5 महत्तेचा भूकंप या चौकटीत नेमका बसत होता.

विखुरलेल्या निरीक्षणांना भौतिक कारणाच्या सूत्रात गुंफण्याचे या प्रतिमानाचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि त्याची मर्यादा आधारसामग्रीतच दडलेली होती. महाभूकंपाच्या पुनरावृत्तीस कित्येक शतके लागू शकतात; उपकरणांच्या नोंदी मात्र जेमतेम शतकभराच्या. परिणामी 'नोंद नाही' याचा अर्थ 'शक्यता नाही' असा लावला गेला.

26 डिसेंबर 2004 रोजी सुमात्रा-अंदमान सीमा सुमारे 1,300 किलोमीटर फाटली. तेथील पट्ट तरुण नव्हता, अभिसरणही मंद व तिरकस होते. तरीही महत्ता 9.1 होती आणि दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. सेथ स्टाइन व एमिल ओकाल यांनी 2007 मध्ये सुधारित आकडेवारीने पडताळणी केली, तेव्हा जुना सहसंबंध बराच क्षीण झालेला आढळला. 2011 मध्ये जपानच्या तोहोकू किनाऱ्यालगत सुमारे 13 कोटी वर्षे जुन्या पट्टावर पुन्हा 9 महत्तेचा भूकंप झाला. इ.स. 869 मधील जोगान सुनामीचे अवसाद सेंदाईच्या मैदानात त्यापूर्वीच सापडले होते.

अलीकडील प्रतिमाने संपर्कपृष्ठाचा सपाटपणा, त्याची रुंदी आणि खंदकातील अवसादांची जाडी यांना अधिक महत्त्व देतात. त्यांचाही आधार मोजक्याच महाभूकंपांचा असल्याने तीच सावधगिरी येथेही आवश्यक ठरते. हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मकरान सीमेच्या पूर्व भागात 1945 मध्ये झालेल्या 8.1 महत्तेच्या भूकंपाच्या सुनामी लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. त्याच सीमेच्या पश्चिम भागात उपकरणांच्या काळात असा मोठा भूकंप नोंदलेला नाही. या शांततेस सुरक्षिततेचा पुरावा मानणे म्हणजे 1980 च्या प्रतिमानाची चूक पुन्हा करणे होय.