सूत्रधार हरवलेल्या गोष्टी

सांगलीला नाट्यपंढरी म्हणताना आपली मान ताठ होते. पण या पंढरीतलं एखादं जुनं नाटक दहा वर्षांच्या मुलाला गोष्ट म्हणून सांगायला बसलं, की हाती बहुधा गोषवाराच उरतो. लग्न ठरतं, विघ्न येतं, विघ्न टळतं. नाट्य गेलं कुठे?

देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेवढंच त्याची बायको कृत्तिका पाहते. मग रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळताना नवरा तिला गाठतो. ‘दोघांचा गैरसमज झाला’ असं लिहून मोकळा होणारा लेखक गोष्ट सांगत नाही, पंचनामा करतो. तसबीर तिच्याकडे कशी आली, हे मुलाला ठाऊक हवं आणि फाल्गुनरावाला नको. सगळी गंमत तिथेच आहे.

‘शारदे’त वेगळी पळवाट असते. म्हाताऱ्या भुजंगनाथाची टर उडवायची आणि पैशासाठी लेक देणाऱ्या कांचनभटाला सौम्य करायचं. मुलांना झेपणार नाही म्हणे! सावत्रपणाच्या, राक्षसांच्या गोष्टी त्यांना बरोबर झेपतात. खाडिलकरांचा ‘कीचकवध’ तर नुसता कथेपुरता सांगितला की महाभारतच उरतं. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली, हेही गोष्टीतच यायला हवं.

या प्रकाराचा नमुना म्हणून १८०७ सालचं चार्ल्स आणि मेरी लँब यांचं शेक्सपियरच्या गोष्टींचं पुस्तक दाखवतात. पुस्तक गोड आहे, पण ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधून त्यांनी मॅल्व्होलिओलाच वगळलं, म्हणजे हसू गेलं. आपल्याकडे कराडजवळच्या टेंभूचे आगरकर ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहून गेले, १८८३ मध्ये. ते मोठ्यांसाठी होतं. आजच्या मुलाला ती भाषा जड जाईल. रहिमतपूरच्या वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ त्या मानाने सोपं. शिवाजी-संभाजी मुलांना माहीत असतात, बाप-लेकातला ताण फक्त उलगडायचा.

खरं तर नमुना घरातच आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सूत्रधार पदांतून कथा पुढे नेई आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी रचत. राक्षस ‘अलल डुर्र’ करत येत. निवेदन नेटकं, बोलणं मोकळं, मधूनच आरोळी: मुलांच्या गोष्टीला आणखी काय लागतं?

सांगली-साताऱ्यातल्या शिक्षकांनी आणि प्रकाशकांनी ‘संशयकल्लोळ’पासून सुरुवात करावी. संवाद कापू नयेत, लांबलचक वर्णनं खुशाल कापावीत. आणि छापण्याआधी पाचवीच्या वर्गात मोठ्याने वाचून पाहावं. मुलं तसबिरीच्या प्रसंगाला हसली नाहीत, तर मजकूर पुन्हा लिहावा.