गळती कोणाची? कालव्यांचे आधुनिकीकरण आणि पर्यावरणाची तपासणी



कालव्यांच्या आधुनिकीकरणाची चर्चा सुरू झाली की 'गळती' हा शब्द पाठोपाठ येतोच. कालवे जुने झाले, मातीचे आहेत, पाणी झिरपतं. तेव्हा काँक्रीटचं अस्तर घाला, नाहीतर बंद नळातून पाणी न्या. म्हणणं सरळ आहे आणि आमचा त्याला सरसकट विरोध नाही. पण जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं की एक खोड लागते. एखादा शब्द कोणाच्या बाजूने बोलतो आहे, ते आम्ही आधी विचारतो. 'गळती' हा शब्द कालव्याच्या बाजूने बोलतो. कालव्यातून गेलं ते वाया गेलं, एवढंच तो सांगतो. ते पुढे कुठे पोहोचलं, हे सांगत नाही.

नीरा डावा कालवा घ्या. १८८० च्या दशकात बांधलेला हा कालवा बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात पाणी नेतो. त्याच्या काठच्या कितीतरी विहिरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच पाझरावर भरत आल्या. अलीकडे अस्तरीकरणाचं काम निघालं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. विहिरी आटतील, हे त्यांचं कारण. खात्याच्या भाषेत जी गळती, तोच शेतकऱ्याच्या भाषेत पाझर.

आता कायद्याची गंमत बघा. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात अशी तरतूद होती की कालव्यापासून दोनशे यार्डांच्या आत असलेल्या जमिनीला किंवा विहिरीला झिरपलेल्या पाण्याचा फायदा मिळत असेल, तर त्यावर पाणीपट्टी लावता येईल. म्हणजे सरकारने पाझराला लाभ मानलं होतं आणि त्याच्या वसुलीची सोयही करून ठेवली होती. आज प्रकल्प अहवालात तोच पाझर तोटा म्हणून येतो. पट्टी घेताना लाभ आणि अस्तर घालताना तोटा, हे तर्काला धरून नाही.

हा विरोधाभास कुठे पकडला जायला हवा? पर्यावरणाच्या तपासणीत. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत सिंचन प्रकल्पांना लाभक्षेत्राच्या आकारानुसार पूर्वमंजुरी लागते. विस्तार आणि आधुनिकीकरण यांचाही तिथे उल्लेख आहे. पण ऑगस्ट २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. चालू प्रकल्पात पर्यावरणाला हितकारक असं सिंचनतंत्र आणलं, उदाहरणार्थ मोकाट पाण्याऐवजी ठिबक, आणि धरणाची उंची व बुडीत क्षेत्र वाढलं नाही, तर लाभक्षेत्र वाढलं तरी मंजुरीत बदल करून घेण्याची गरज नाही.

आमचे आक्षेप दोन. पहिला असा की 'हितकारक' हा तपासणीचा निष्कर्ष असायला हवा. इथे तो तपासणी न करण्याचं कारण झाला आहे. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरायचं, याला आपल्या न्यायपरंपरेत आत्माश्रय दोष म्हणतात. दुसरा मापांचा. उंची आणि बुडीत ही दोन्ही मापं धरणाजवळची आहेत. अस्तराचा किंवा बंद नळाचा परिणाम होतो तो धरणापासून कितीतरी मैल खाली, कालव्याकाठच्या विहिरीत. तिथे मोजपट्टीच पोहोचत नाही. आणि मंजुरीचा प्रश्नच नसेल तर जनसुनावणीही नाही.

दुसरी बाजू आम्ही विसरत नाही. याच नीरा खोऱ्यात अतिपाण्याने आणि पाझराने कितीतरी जमीन पाणथळ आणि क्षारपड झाली. कालव्याच्या टेलचा शेतकरी आवर्तनाची वाट बघत बसतो, तेव्हा वरची गळती त्याच्या वाट्यातूनच जात असते. थोडक्यात, एकच पाझर कोणाची विहीर भरतो, कोणाचं शेत नासवतो आणि कोणाची पाळी चुकवतो. हिशेब इतका गुंतागुंतीचा आहे म्हणूनच तपासणी हवी.

नवी मुंबईत बसून ही चर्चा कशाला, असं कोणी विचारेल. पेण तालुक्यातलं हेटवणे धरण मूळ सिंचनासाठीचं. आज त्याचं पाणी सिडकोच्या वसाहतींना येतं. शहराला पाणी हवंच, त्यात अपराध काही नाही. पण 'वाचलेलं पाणी' शेवटी कोणाकडे जाईल, हा प्रश्न किती खरा आहे ते इथल्या नळावरून कळतं. शिवाय निव्वळ पिण्याच्या पाण्यासाठीचं धरण त्या अधिसूचनेच्या यादीतच नाही. भिंत तीच, बुडीत तेच, पण उद्देशाचं नाव बदललं की तपासणी गळून पडते.

मग मागायचं काय? अस्तर घालण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष कालव्याकाठच्या विहिरींची पातळी मोजावी, पावसाळ्याआधी आणि नंतर. त्या विहिरींवर कोण जगतं, त्यांची नोंद व्हावी. स्वतःची जमीन नसलेली, पण पिण्याचं पाणी तिथूनच शेंदणारी कुटुंबंही त्यात आली. वाचणारं पाणी टेलला जाणार की शहराला, हे मंजुरीच्या कागदावर आकड्यात लिहावं. आणि सुनावणी कालव्याकाठच्या गावात व्हावी. यातलं काहीच फार खर्चाचं नाही. कोट्यवधींचं काँक्रीट ओतण्याआधी विहिरीत एक दोर सोडून पाणी किती खोल आहे ते बघायचं, एवढीच आमची मागणी आहे.