बिशनची नदी आणि तीस टक्क्यांचा आकडा

शहरातला नदीकाठ माणसं आणि वन्यजीव अशा दोघांसाठी कसा आखावा, यावर वाचायला बसलात की सिंगापूरचं बिशन-आंग मो किओ पार्क भेटतंच. कौतुक रास्त आहे. कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीट कालवा काढून तिथे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली आणि २०१२ मध्ये ती खुली झाली. आधी ६० मीटरच्या तुकड्यावर काठ धरून ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती (फांद्यांच्या मोळ्या, दगड भरलेल्या जाळ्या वगैरे) लावून बघितल्या, मग त्यातल्या निवडून नदीभर वापरल्या. पाऊस नसताना लोक पाण्यापर्यंत उतरतात. पाणी चढू लागलं की भोंगे वाजतात आणि तीच हिरवळ पुराची जागा होते. माणसांच्या बाजूचा विचार इतका नीट केलेला मी फार कमी प्रकल्पांत वाचलाय.

माझी तक्रार वन्यजीवांच्या बाजूबद्दल आहे. 'पहिल्या दोन वर्षांत जैवविविधता ३० टक्क्यांनी वाढली' हे वाक्य लेखांमधून, सादरीकरणांमधून फिरत असतं, आणि बहुतेक वेळा एकटंच फिरतं. कशाची वाढ? प्रजातींच्या संख्येची की एकेका प्रजातीतल्या प्राण्यांची? आधी आणि नंतर तितकेच तास, त्याच ऋतूत निरीक्षण झालं होतं का? नवी नदी जुन्या कालव्यापेक्षा अर्धा किलोमीटर लांब आणि कितीतरी रुंद आहे. अधिवासाचं क्षेत्र वाढलं की प्रजाती वाढतात, हा परिसंस्थाशास्त्रातला जुना नियम. मग रचनेचं श्रेय किती आणि नुसत्या जागेचं किती, हे वेगळं काढायला नको? शिवाय साळुंकी-कावळ्यासारखे कुठेही जमवून घेणारे पक्षी आणि दाट वेताशिवाय न राहणारा पक्षी, दोघंही यादीत एकेकच धरले जातात.

पाणमांजरांचं उदाहरण तर बघाच. (आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या खाड्यांत दिसतात, तीच मऊ केसांची जात.) बिशनमध्ये ती आपणहून आली आणि प्रकल्पाचा चेहरा झाली. पण 'बिशन कुटुंब' म्हणून प्रसिद्ध झालेला तो कळप पुढे खाली थेट मरीना बे परिसरात वावरू लागला. म्हणजे त्यांच्या लेखी पार्क हे घर नसून वाटेतला एक टप्पा असू शकतं. पार्कची हद्द माणसांनी आखलेली, आणि आपण अभ्यासाचं एकक म्हणून तीच उचलतो! पाणमांजर मोजायचं तर अख्खी कलांग मोजायला हवी. प्रस्तावात 'अभ्यासक्षेत्र' लिहिताना गाईड पहिला प्रश्न इथेच विचारतील.

हे सगळं सिंगापूरपुरतं राहिलं असतं तर एवढं लिहिलं नसतं. पण पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पावर वाद सुरू झाला की 'सिंगापूरला जमलं, मग आपल्याला का नाही' हे वाक्य कुणीतरी टाकतंच. तुलनेचा आधारबिंदूच इथे उलटा आहे. बिशनमध्ये 'आधी' म्हणजे काँक्रीट होतं. त्याजागी माती आणि झाडं आली, तर प्रजाती वाढणारच. पुण्यात पाणी कितीही घाण असलं तरी बऱ्याच ठिकाणी 'आधी' म्हणजे मातीचा काठ, वाळुंज, उंबर, करंज, आणि येरवड्याजवळ पक्षीनिरीक्षकांचा नेहमीचा डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचा पट्टा. तिथे तटबंध आणि घाट बांधायचे आणि दाखला मात्र काँक्रीट काढणाऱ्या प्रकल्पाचा द्यायचा, हे मला पटत नाही.

यावर कुणाला काम करायचं असेल तर बांधकाम पोचायच्या आधीच्या काठाची, किमान दोन ऋतूंची नोंद आत्ताच सुरू करावी लागेल. काही पट्ट्यांत ती वेळ निघूनही गेली आहे.